किटचे ४,१५० रुपये : कुपवाड एमआयडीसीतलं एक प्रकरण

जत तालुक्यातल्या एका आयटीआय पास मुलाच्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांच्या खाली एक ओळ होती : 'उचल वसुली १,४००'. त्यानं कुणाकडूनही एक रुपया उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली नव्हती. दुसऱ्या महिन्यात पुन्हा १,४००, तिसऱ्यात १,३५०. बेरीज ४,१५०. बरोबर एवढ्याच किमतीचं 'किट' त्याला कामावर घेण्याच्या आदल्या दिवशी एका ठरावीक दुकानातून घ्यायला लावलं होतं.

मी सांगलीत कामगारांच्या वेतनाची प्रकरणं बघतो. पगार थकला, ओव्हरटाइम बुडवला, काम सोडल्यावर हिशेब दिला नाही अशा तक्रारी रोजच्याच असतात. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण मालकानं किंवा ठेकेदारानं कामगाराला खरेदी करायला भाग पाडलं तर आपला कायदा कुठपर्यंत हात देतो आणि कुठे सोडून देतो, या दोन्ही गोष्टी यात उघड दिसतात. कारखाना, ठेकेदार, दुकान, मुलं कुणाचंच नाव देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

काय घडलं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली ही एक मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना. ओतकाम आणि मशिन शॉप कंपनीच्या पगारावरच्या माणसांकडे. फेटलिंग आणि ग्राइंडिंग म्हणजे कास्टिंगवरचा (ओतलेल्या भागावरचा) जादा माल तोडणं, घासणं, धूळ खाणं, हे सगळं ठेकेदाराच्या मुलांकडे. त्याच्याकडे सत्तरच्या वर माणसं होती. जून २०२४ मध्ये त्यानं जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडी या पूर्वेकडच्या तालुक्यांतून नवीन ४३ मुलं घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या मजकुरात पगार, राहण्याची सोय आणि ईएसआय एवढंच होतं. किटचा उल्लेख नव्हता.

मुलाखत ठेकेदाराच्या ऑफिसात झाली. निवड झालेल्यांना शिक्का मारलेली चिठ्ठी मिळाली : अमुक दुकानातून किट घ्या, उद्या सात वाजता किट घालून गेटवर या. ते दुकान ठेकेदाराच्या मेव्हण्याचं. किटमध्ये मोनोग्राम असलेले दोन युनिफॉर्म, सेफ्टी शूज, गॉगल, हातमोजे आणि एक बॅग. पैसे नसले तरी अडचण नाही, पगारातून वळते करू, असं सांगितलं होतं. त्यासाठी एका छापील कागदावर सही घेतली. 'मी रुपये ____ उचल घेतली असून ती माझ्या वेतनातून कापून घेण्यास माझी संमती आहे.' सही करताना रकमेची जागा कोरी होती.

आटपाडीकडच्या एका मुलानं आधी इचलकरंजीत काम केलं होतं. त्याच्याकडे चांगले सेफ्टी शूज होते. तो ते घालून गेला तर गेटवर अडवलं, "किटमधलेच पाहिजेत." मोनोग्रामचा युनिफॉर्म तर बाहेर मिळण्याचा प्रश्नच नव्हता, तो त्या एकाच दुकानात शिवला जायचा.

आम्ही बाजारात फिरून किंमत काढली. तशाच प्रतीचे शूज ७५० रुपये, युनिफॉर्मचे दोन जोड शिलाईसह १,३००, गॉगल ९०, हातमोजे ६०, बॅग ३००. एकूण २,५००. म्हणजे एका मुलामागे १,६५० रुपये कुणाच्या तरी खिशात गेले. पण जादा किंमत हा या प्रकरणाचा दुय्यम भाग आहे. किट बाजारभावानं दिलं असतं तरी ही वसुली बेकायदाच होती. बऱ्याच जणांना, अगदी एचआरमध्ये काम करणाऱ्यांनाही, हे पटकन पटत नाही. 'वस्तू दिली, पैसे घेतले, त्यात काय चुकलं?' असा त्यांचा प्रश्न असतो.

४३ पैकी सहा जणांनी लवकर काम सोडलं. फेटलिंगची धूळ आणि उन्हाळ्यासारखी धग सगळ्यांना सोसत नाही. त्यातल्या एकानं अकरा दिवस काम केलं होतं. दिवसाला ४८० प्रमाणे ५,२८० रुपये झाले. त्यातून किटचे ४,१५० एकदम कापले आणि हातात ठेवले १,१३०. युनिफॉर्मही गेटवर काढून घेतला, मोनोग्राम कंपनीचा आहे म्हणून.

कायदा काय म्हणत होता

त्या वेळी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ लागू होता. या कायद्याचा गाभा कलम ७ मध्ये होता. वेतनातून काय काय कापता येतं याची यादी तिथे दिली होती : दंड, गैरहजेरी, कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान, घरभाडं, उचल, कर्ज, पीएफ, सहकारी पतसंस्थेचा हप्ता वगैरे. यादीत नाही ते कापता येत नाही. कामगार हो म्हणाला तरी नाही. कलम २३ नुसार या कायद्यानं दिलेला हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल ठरायचा. त्यामुळे 'संमती आहे' या छापील ओळीला वजन नव्हतं.

यादीत 'मालकानं पुरवलेल्या सुविधा आणि सेवा' असा एक प्रकार होता आणि ठेकेदाराच्या सल्लागारानं पुढे त्याचाच आधार घेतला. पण त्याच कलमात स्पष्टीकरण होतं की कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल पुरवणं ही 'सेवा' धरायची नाही. ग्राइंडरवर बसणाऱ्या माणसाचे हातमोजे आणि गॉगल म्हणजे कामाचंच साहित्य, असं आमचं म्हणणं होतं.

फाउंड्री हा कारखाना असल्यामुळे तेव्हा लागू असलेला आणखी एक कायदा मदतीला होता आणि तो जास्त थेट होता. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम ३५ सांगायचं की कामात उडणाऱ्या कणांमुळे डोळ्याला इजा होण्याचा धोका असेल तिथे मालकानं गॉगल किंवा पडदे पुरवायचे. आणि कलम ११४ सांगायचं की या कायद्याखाली जी साधनं पुरवणं मालकावर बंधनकारक आहे त्यांचं कसलंही शुल्क कामगाराकडून घ्यायचं नाही. ठिणग्यांच्या पुढे उभं राहणाऱ्या मुलाकडून गॉगलचे पैसे घेणं या कलमापुढे क्षणभरही टिकत नव्हतं. हे कलम फार कमी लोकांना माहीत होतं. एमआयडीसीतल्या प्रत्येक गेटवर ते मोठ्या अक्षरात लावायला हवं होतं.

मग ठेकेदारानं ही वसुली 'उचल' म्हणून का दाखवली हे समजतं. किटचे पैसे असं लिहिलं असतं तर यादीत बसलं नसतं. उचल यादीत बसते. आपल्याकडे ऊसतोडीपासून वीटभट्टीपर्यंत उचलीचा रिवाज इतका मुरलेला आहे की स्लिपवर ती ओळ दिसली तर कुणी भुवईही उंचावत नाही.

पण उचलीच्या वसुलीलाही वेतन प्रदान कायद्याच्या कलम १२ च्या अटी होत्या आणि त्या कलमात शब्द होते 'पैशाची उचल'. पैसे हातात पडलेले असले पाहिजेत. दुकानातून बूट दिले म्हणजे पैशाची उचल होत नाही.

पुरावा कसा उभा राहिला

मुलं पहिल्यांदा आली तेव्हा आठ-दहा जण होती. जतचा मुलगा म्हणाला, "सर, उचल घेतलीच न्हाई आमी."

"मग कागदावर सही कुणाची?"

"सही माजीच हाय. पण तवा आकडा न्हवता त्यावर."

कोऱ्या जागेवर सही घेतली हे सिद्ध करणं कठीण. ठेकेदार म्हणणार, रक्कम आधीच भरली होती. म्हणून त्या कागदाच्या नादी न लागता आम्ही पगाराच्या रजिस्टरकडे वळलो. वेतन प्रदान कायद्याखाली मालकाला वेतनाची, कपातीची रजिस्टरं ठेवावी लागायची आणि तीन वर्षं जपावी लागायची. सगळ्या मुलांनी मोबाइलवर आपापल्या स्लिपचे फोटो काढून पाठवले. एका मोठ्या कागदावर आम्ही ते ओळीनं मांडले.

मांडल्यावर प्रकरण आपोआप बोलू लागलं. ४३ माणसं. प्रत्येकाची उचल ४,१५०. प्रत्येकाची उचल कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशीची. खरी उचल अशी कधी नसते. कुणाला बहिणीच्या लग्नाला दहा हजार लागतात, कुणाला खोलीच्या डिपॉझिटला दोन हजार, कुणी घेतच नाही. त्रेचाळीस अनोळखी मुलांना, ज्यांनी अजून एक तासही काम केलेलं नाही त्यांना, एकाच दिवशी एकसारखी रोख रक्कम कुठला ठेकेदार देईल? आणि दिली असेल तर त्याच्या कॅशबुकात त्या दिवशी १,७८,४५० रुपये निघालेले दिसायला हवेत. ते दिसणार नाहीत, याची आम्हाला खात्री होती.

दुसरा पुरावा दुकानातल्या बिलांचा. बहुतेकांनी बिलं फेकून दिली होती. पण कवठेमहांकाळच्या एका मुलाच्या आईनं बॅगेच्या कप्प्यातलं बिल डब्यात जपून ठेवलं होतं. त्यावर तारीख, 'किट १ नग', रक्कम ४,१५० आणि खाली पेनानं ठेकेदाराचं नाव, 'यांचे खाती'. एवढ्या एका ओळीनं दुकान आणि ठेकेदार यांच्यातला व्यवहार उघड झाला. ज्या घरात शाळेचे दाखले, रेशनकार्ड आणि पीक कर्जाच्या पावत्या एकाच डब्यात राहतात, तिथल्या बायका कागद टाकत नाहीत. वेतनाच्या प्रकरणांत त्यांच्या या सवयीचा मोठा आधार होतो.

आमच्या मागण्या

अर्ज कुणाविरुद्ध करायचा हा पहिला प्रश्न. ठेकेदार तर होताच. पण तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० च्या कलम २१ नुसार ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ मालकाला, म्हणजे कंपनीला, फरक द्यावा लागायचा. मग तो तिनं ठेकेदाराकडून वसूल करावा. त्यामुळे पहिलं पत्र आम्ही ठेकेदाराला न देता कंपनीला दिलं. ठेकेदाराला मुलांची भीती नव्हती, कंपनीची होती. शिवाय या कंपनीचे ग्राहक मोठे होते आणि ते पुरवठादाराच्या कामगारांचे पगार तपासतात, हे एचआरला चांगलं ठाऊक होतं.

पत्रात तीन मागण्या होत्या. सगळ्यांची कपात परत करा. काम सोडलेल्या सहा जणांचीही करा. आणि पुढे सुरक्षेचं साहित्य मोफत द्या. सोबत स्लिपचा तक्ता आणि ते एक बिल जोडलं. शेवटी एवढंच लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वेतन प्रदान कायद्याच्या कलम १५ खाली सगळ्यांचा मिळून एक अर्ज करू.

कलम १५ मध्ये धार होती. कपात बेकायदा ठरली तर ती परत मिळायचीच, शिवाय कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई या कायद्याखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याला देता यायची. अर्ज कामगार स्वतः करू शकत होता किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेला वकील वा नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी करू शकत होता. एकाच कारणासाठी अनेकांची कपात झाली असेल तर कलम १६ प्रमाणे एकत्र अर्ज चालायचा. मुदत कपातीपासून बारा महिने होती. आणि हा कायदा त्या वेळी महिना २४,००० पर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होता, त्यात ही सगळी मुलं बसत होती.

बैठक

कंपनीनं बैठक बोलावली. ठेकेदार, त्याचा सल्लागार, एचआर, आम्ही आणि मुलांतले चार जण. ठेकेदार वाईट बोलला नाही. उलट जिव्हाळ्यानं बोलला. "ही पोरं आपल्याच भागातली हायत. मी बी जतचाच. बूट न्हाईत म्हणून कुणाला परत पाठवलं का मी? उधारीवर किट दिलं." ऐकताना खरं वाटावं असं ते होतं आणि त्याला स्वतःलाही ते खरं वाटत असावं. सल्लागारानं मुद्दा काढला की किट घेण्याची सक्ती कुणी केली नव्हती.

त्यावर आटपाडीच्या मुलानं पिशवीतून आपले जुने सेफ्टी शूज काढून टेबलावर ठेवले. तळ झिजलेला नव्हता, पुढची स्टीलची टोपी शाबूत होती. "हे का चाललं न्हाईत साहेब?" एवढंच विचारलं. एचआरच्या माणसानं बूट हातात घेऊन उलटेपालटे केले आणि ठेकेदाराकडे बघितलं. कंपनीच्या सुरक्षा नियमांत तसल्याच बुटांची अट होती. मग गेटवर ते अडवले कुणाच्या सांगण्यावरून? ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या. मेव्हण्याच्या दुकानातला खप सोडला तर त्याला दुसरं कारण नव्हतं.

नंतर कॅशबुकाचा प्रश्न आला. जूनमधल्या त्या दिवशी पावणेदोन लाख रोख वाटल्याची नोंद दाखवा, असं आम्ही म्हटलं. सल्लागारानं 'बघून सांगतो' म्हटलं. पुढच्या बैठकीला तो आला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लेखी समझोता झाला. ४३ जणांना पूर्ण ४,१५० रुपये बँक खात्यात परत मिळाले, सोडून गेलेल्या सहा जणांनाही. सुरक्षेचं साहित्य मोफत, युनिफॉर्म वर्षाला दोन, तोही मोफत. दहापट भरपाईचा मुद्दा मुलांनी सोडून दिला. मी त्यांना सांगितलं होतं की निदान दुप्पट तरी मागा. कायद्यात भरपाई ठेवली आहे ती याचसाठी की नुसते पैसे परत करणं मालकाला स्वस्त पडू नये. पकडलं गेलं तर परत द्यायचं आणि नाही पकडलं तर खिशात, असा हिशेब असेल तर पुढचा ठेकेदार हेच करणार. पण मुलांना त्याच गेटमधून रोज आत जायचं होतं, घरी हप्ते होते. त्यांचा निर्णय त्यांनी घेतला आणि तो त्यांचाच होता.

सही करताना आम्ही एका गोष्टीवर मात्र हटून बसलो : समझोत्यात 'उचल' हा शब्द येऊ द्यायचा नाही, 'किटपोटी केलेली कपात' असंच लिहायचं. पुढे कुणाला कामावरून काढलं तर भांडण कशावरून झालं होतं ते कागदावर स्पष्ट असावं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली सूडबुद्धीनं काढल्याची तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते, आणि तेव्हा असा कागद फार कामी येतो.

वाट बदलली

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ठेकेदारानं दुसऱ्या एका कारखान्यासाठी मुलं घेतली. या वेळी स्लिप स्वच्छ होती. उचल नाही, कपात नाही, पूर्ण पगार बँकेत. फक्त पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर प्रत्येकाला दुकानाचा क्यूआर कोड दाखवायचा आणि १,४०० रुपये यूपीआयनं भरून घ्यायचा. भरले नाहीत तर पुढच्या आठवड्यात हजेरी लागायची नाही.

कायदा करणाऱ्यांनी ही वाट १९३६ मध्येच ओळखली होती, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं. कलम ७ खालचं पहिलंच स्पष्टीकरण असं होतं : कामगारानं मालकाला किंवा त्याच्या एजंटाला दिलेली प्रत्येक रक्कम ही वेतनातली कपात समजली जाईल. म्हणजे आधी पूर्ण पगार देऊन मग परत घेतला तरी ती कपातच. या कायद्यामागे ब्रिटिश सरकारनं कामगारांविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनचा १९३१ चा अहवाल होता. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३१ मध्ये, इंग्लंडनं ट्रक अ‍ॅक्ट करून पगाराऐवजी माल देण्यावर आणि मालकाच्या दुकानातच पगार खर्च करायला लावण्यावर बंदी घातली होती. दुकान तेच, फक्त क्यूआर कोड नवा.

अडचण 'एजंट' या शब्दावर येते. ठेकेदाराच्या मुनीमाला पैसे दिले तर प्रश्न नाही. पण मेव्हण्याचं दुकान हे ठेकेदाराचं एजंट आहे हे दाखवावं लागतं. पहिल्या वेळी 'यांचे खाती' हे बिलावर सापडलं. या वेळी तसं काही नव्हतं. यूपीआयच्या नोंदीत दिसत होतं ते एवढंच की एका माणसानं एका कपड्यांच्या दुकानाला पैसे दिले. आम्ही सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जमवले, 'किटचे भरले का? स्क्रीनशॉट टाका' असे. वसुलीचा हिशेब ठेकेदाराचा माणूस ठेवतोय, हे त्यातून दिसलं. ते पुरेसं ठरलं आणि कारखान्यानं मध्ये पडून वसुली थांबवली. पण संदेश नसते, नुसतं तोंडी सांगणं असतं, तर हात बांधलेले राहिले असते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या लेबर कोडमध्ये कलम ४५० आहे. कुठल्याही मालकानं कामगाराला किंवा नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला स्वतःकडून 'किंवा इतर कुणाकडूनही' कुठलीही मोलाची वस्तू विकत घ्यायला भाग पाडायचं नाही, असं ते सरळ सांगतं. एजंट सिद्ध करायला नको, पगारातून कापलं की नाही ते बघायला नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या ९५ क्रमांकाच्या करारात सातवं कलम कारखान्याशी जोडलेल्या दुकानांबद्दल आहे. अशा दुकानातून खरेदी करण्याची सक्ती कामगारावर नसावी, असं तिथे म्हटलं आहे. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. आपला कायदा पगारातली कपात पकडतो, खरेदीची सक्ती पकडत नाही. त्यामुळे सक्ती झालेल्या माणसाला आधी पैशाची वाट शोधून दाखवावी लागते, आणि ती वाट लपवणं मालकाच्या हातात असतं. निव्वळ सक्तीलाच गुन्हा ठरवणारी एक ओळ आपल्याही कायद्यात यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ज्याला नोकरीच मिळाली नाही

हे मत पक्कं झालं ते चव्वेचाळिसाव्या मुलामुळे. जून २०२४ मध्ये ४४ जणांना चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. हा मुलगा विट्याचा. त्यानं उधारी नको म्हणून घरून पैसे आणले आणि किट रोखीनं घेतलं. दुसऱ्या दिवशी गेटवर सांगितलं की जागा भरल्या, नंतर बोलावतो. नंतर बोलावणं आलंच नाही. दुकानदार म्हणाला, मोनोग्रामचा माल परत घेत नाही.

त्याच्यासाठी वेतन प्रदान कायद्यात जागा नव्हती. तो कामगार झालाच नव्हता, त्याचं वेतन सुरूच झालं नव्हतं, मग कपात कसली? कलम १५ चा अर्ज त्याला करता येत नव्हता. समझोत्यात त्याचं नाव घालायचा आम्ही प्रयत्न केला. कंपनीचं म्हणणं होतं की रजिस्टरवर नसलेल्या माणसाला पैसे देण्याचा आधार काय?

ग्राहक कायद्याकडे बघितलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल, या अटीला प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हटलं आहे. पण नोकरी ही विकत घेण्याची वस्तू किंवा सेवा नाही, म्हणून ती व्याख्या इथे बसवणं ओढूनताणून होतं. दुकानात मिळालेले बूट सदोषही नव्हते.

राहिला फौजदारी मार्ग. नोकरी देतो म्हणून पैसे खर्च करायला लावले आणि देण्याचा इरादा सुरुवातीपासूनच नव्हता असं दिसलं तर ती फसवणूक होते. हे जून २०२४ मधलं असल्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२०. १ जुलै २०२४ नंतरचं असतं तर भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण सगळं अडतं ते 'सुरुवातीपासून' या अटीवर. बाकी ४३ जणांना नोकरी खरोखर मिळाली होती. मग याला फसवायचाच हेतू होता हे कसं दाखवायचं? त्यानं पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. हा पैशाचा दिवाणी वाद आहे, असं उत्तर मिळालं.

नव्या संहितांनी काय बदललं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता अमलात आल्या. त्यातल्या वेतन संहिता, २०१९ नं १९३६ चा कायदा आपल्या पोटात घेतला. या प्रकरणाच्या दृष्टीनं काही गोष्टी टिकल्या, काही सुधारल्या. मालकाला किंवा एजंटाला दिलेली रक्कम कपातच, ही तरतूद कलम १८ मध्ये कायम राहिली. दाव्याची मुदत बारा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. २४,००० ची मर्यादा गेली. दहापट भरपाईची तरतूद टिकली. वेतन दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ नं मालकावर टाकली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नं सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत असं मालकाचं कर्तव्यच ठरवलं आणि प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं. ते शेवटचं कलम फार मोलाचं आहे. आमच्या ४३ जणांपैकी एकाकडेही नियुक्तीपत्र नव्हतं.

मात्र अर्जदाराबद्दल, म्हणजे विट्याच्या त्या मुलाबद्दल, चारही संहितांत काही नाही. दुकान ठेकेदाराचं एजंट आहे हे दाखवण्याचा भारही कामगारावरच राहिला आहे.

विट्याच्या मुलानं आता ठेकेदार आणि दुकानदार दोघांनाही वकिलाकडून नोटीस दिली आहे, रक्कम ४,१५० आणि व्याज. दुकानदाराचं उत्तर आलं : माल विकला, बिल दिलं, नोकरीशी आमचा संबंध नाही. ठेकेदाराचं उत्तर अजून यायचं आहे. त्याची शिक्का मारलेली मूळ चिठ्ठी मुलानं जपून ठेवली आहे. तिच्यावर दुकानाचं नाव ठेकेदाराच्याच हस्ताक्षरात आहे, आणि दावा दाखल करायची वेळ आली तर तो त्याच कागदावर उभा राहील.